लुईस गावाची बिअर : हार्वीजच्या एलची चव येते कुठून?

लुईस हे इंग्लंडच्या दक्षिणेकडचं, ससेक्समधलं छोटं गाव. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या ‘लुईस आर्म्स’ या पबमधून एक बिअर काढून टाकण्यात आली. पबची मालकी ग्रीन किंग या सफकमधल्या मोठ्या ब्रुअरीकडे होती. आपल्या पबमध्ये आपली बिअर असताना गावातल्या ‘हार्वीज’ ब्रुअरीची ससेक्स बेस्ट बिटर कशाला विकायची, असा कंपनीचा हिशोब. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी पबकडे पाठ फिरवली. सह्यांची मोहीम झाली, दारासमोर उभं राहून येणाऱ्यांना परत पाठवणं झालं, देशभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. १३३ दिवस हा बहिष्कार टिकला. एप्रिल २००७ मध्ये कंपनीने माघार घेतली आणि हार्वीज परत नळावर आली.

आता ग्रीन किंगची बिअर काही वेगळ्या जातीची नव्हती. तीही एलच, तीही पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट यांचीच. मग लोक एवढे अडून का बसले? गावाचा अभिमान हे एक कारण आहेच. पण हार्वीज प्यायलेल्या माणसाला दुसरं कारणही लगेच कळतं : ती चव खरोखरच दुसरीकडे मिळत नाही. असं का व्हावं? कृती लिहून घेतली, तेच माल्ट आणि तेच हॉप्स विकत आणले, तर तीच बिअर का होऊ नये? हे समजून घ्यायला हार्वीजइतकं चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

एल आणि लागर

बिअर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फिकट पिवळी, थंडगार, भरपूर बुडबुड्यांची लागर येते. एल म्हणजे गडद आणि कडक, असा एक समज आहे; तो चुकीचा आहे. काळीकुट्ट लागर असते आणि सोनेरी, हलकी एलही असते. दोघींत फरक आहे तो यीस्टचा आणि तापमानाचा.

लागरचं यीस्ट थंडीत, साधारण ७ ते १३ अंश सेल्सिअसला, सावकाश काम करतं. मग ती बिअर कित्येक आठवडे गारठ्यात मुरवतात. एलचं यीस्ट उबेत, १५ ते २२ अंशांच्या आसपास, धडाक्याने काम करतं आणि जाड फेसाबरोबर टाकीत वर येतं. साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडणं हे दोन्ही यीस्टचं काम. पण उबेतलं यीस्ट जाता जाता आणखी बरंच काही तयार करतं, आणि त्यात सगळ्यांत महत्त्वाची ती एस्टर नावाची संयुगं. पक्व सफरचंद, नासपती, केळं असे वास एलमध्ये येतात, ते फळं घातल्यामुळे नव्हे. ते या एस्टरांचे. लागरमध्ये ती फार कमी बनतात, म्हणून लागर स्वच्छ आणि मोकळी लागते, एल भरलेली लागते.

एवढं कळलं तरी एक गोष्ट स्पष्ट होते : एलमध्ये यीस्ट हा नुसता कामगार नाही. चवीचा मोठा वाटा त्याच्या हातात आहे. याकडे पुन्हा येऊ.

मनोऱ्यातून खाली

जॉन हार्वी यांनी हा धंदा १७९० मध्ये सुरू केला. ब्रुअरी आहे ऊझ नदीच्या काठावर, ब्रिज वॉर्फवर. आज दिसणारी मनोऱ्याची गॉथिक इमारत १८८० च्या सुमारास विल्यम ब्रॅडफर्ड या वास्तुरचनाकाराने बांधली. त्या काळच्या ब्रुअऱ्या बांधण्यात त्याचा हातखंडा होता. गावात या इमारतीला प्रेमाने ‘लुईस कॅथीड्रल’ म्हणतात. पुलावर उभं राहिलं की एका बाजूला मनोऱ्याची उतरती छपरं दिसतात आणि ब्रुइंगच्या दिवशी उकळत्या माल्टचा गोडसर, भाजक्या धान्याचा वास नदीवरून येतो.

मनोरा शोभेचा नाही. विजेचे पंप नसलेल्या काळात सगळं वजन एकदाच वर चढवायचं आणि मग गुरुत्वाकर्षणाने एकेक मजला खाली आणायचं, अशी ही रचना.

वरून सुरुवात माल्टने. बार्ली भिजवून तिला मोड आणायचे आणि कोवळे मोड फुटताच भट्टीत वाळवून ते थांबवायचे. या दाण्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. भरडलेलं माल्ट साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवलं की हे एन्झाइम पिष्टाची साखर करतात. तापमान जरा कमी ठेवलं तर यीस्टला सहज खाता येणारी साखर जास्त मिळते आणि बिअर कोरडी होते. जरा वाढवलं तर न खाल्ली जाणारी साखर मागे राहते आणि बिअरला अंग येतं. दोन-तीन अंशांचा खेळ, पण घोटाघोटाला जाणवणारा. ससेक्स बेस्टचा तांबूस रंग आणि टॉफीसारखी छटा येते ती क्रिस्टल माल्टमुळे. ते तयार करताना साखर दाण्याच्या आतच कॅरमल होते.

हा गोड रस मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात हॉप्सबरोबर उकळतो. हॉप्स म्हणजे एका वेलीची कागदी पाकळ्यांची हिरवी फुलं. त्यांत अल्फा आम्लं असतात. कच्ची असताना ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, आणि खळखळ उकळताना त्यांची रचना बदलते तेव्हाच कडूपणा बिअरमध्ये उतरतो. पण तासभर उकळताना सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून काही हॉप्स सुरुवातीला कडूपणासाठी आणि काही अगदी शेवटी वासासाठी, असे हप्त्याहप्त्याने घालतात.

बेस्टमध्ये फगल, गोल्डिंग, प्रोग्रेस आणि ब्रॅमलिंग क्रॉस असे चार इंग्लिश वाण असतात. फगल मातकट, ओल्या पानांचा. गोल्डिंग मऊ, मधाच्या आणि फुलांच्या बाजूला झुकणारं. प्रोग्रेस फगलच्याच वळणाचं. ब्रॅमलिंग क्रॉसची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. केंटमधल्या वाय कॉलेजात प्रोफेसर अर्नेस्ट सामन यांनी १९२७ मध्ये एका इंग्लिश गोल्डिंग वाणाचा कॅनडातल्या मॅनिटोबाच्या जंगली हॉपशी संकर केला. त्यातून आलेल्या या वाणाला काळ्या करंटचा, म्हणजे एका आंबटगोड बेरीचा, आणि लिंबाचा ठसठशीत वास होता. तेव्हाच्या ब्रुअरांना तो रानटी वाटला, कित्येकांनी नाक मुरडलं. आज बेस्टच्या घोटात मध्येच काळ्या करंटची एक चुणूक लागते, त्यामागे हेच वाण असावं असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

पाण्याचं थोडक्यात. लुईसच्या आसपासच्या टेकड्या, साउथ डाउन्स, खडूच्या आहेत. पाऊस त्या खडूतून वर्षानुवर्षं झिरपतो आणि ब्रुअरी हे पाणी जमिनीखालून उपसते. त्यात कॅल्शियम भरपूर असतं. कॅल्शियममुळे माल्टमधले एन्झाइम नीट काम करतात आणि बिअर लवकर निवळते. मात्र खडूच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे फिकट बिअरचा कडूपणा खरखरीत होऊ शकतो. भाजलेल्या काळ्या माल्टची आम्लता त्याला तोलून धरते. इंग्लंडच्या ज्या भागांत असं पाणी, त्या भागांत पूर्वी गडद बिअर का चांगल्या होत, त्याचं उत्तर बऱ्याच अंशी यातच आहे.

१९५७ चं यीस्ट

इथपर्यंतचं सगळं विकत आणता येतं. माल्ट पोत्यांत मिळतं, हॉप्स मिळतात, पाण्यातले क्षारही रसायनशास्त्राच्या मदतीने हवे तसे जुळवता येतात. यीस्टचं तसं नाही.

१९५७ मध्ये हार्वीजने यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरच्या जॉन स्मिथ्स या ब्रुअरीतून यीस्ट आणलं. तेव्हापासून ते अखंड चालत आलं आहे. एक बिअर आंबली की वर आलेला यीस्टचा थर काढून घ्यायचा आणि तो पुढच्या बिअरमध्ये टाकायचा, तिचा थर त्याच्या पुढच्या बिअरमध्ये. घरात विरजण जसं कालच्या दह्यातून आज, आजच्या दह्यातून उद्या असं चालत राहतं, अगदी तसंच. बहुतेक आधुनिक ब्रुअऱ्या असं फार काळ करत नाहीत. काही पिढ्या झाल्या की त्या यीस्ट फेकून देतात आणि प्रयोगशाळेत जपलेल्या शुद्ध वाणापासून पुन्हा सुरुवात करतात, कारण त्यात धोका कमी असतो.

हार्वीजच्या यीस्टने इतक्या वर्षांत इतक्या हजारो पिढ्या पाहिल्या आहेत, आणि त्या सगळ्या याच इमारतीत, याच टाक्यांत, याच पाण्यात, याच तापमानाला. जे पेशी इथे उत्तम वाढतात तेच पुढच्या टाकीत जातात. म्हणजे नकळत निवड होत राहते, आठवड्यामागून आठवडे. यॉर्कशरहून आलेलं ते यीस्ट केव्हाच ससेक्सचं झालं आहे. शुद्ध एकट्या वाणाऐवजी अशा चालत्या यीस्टमध्ये मूळ जातीबरोबर इतरही बारीक सोबती नांदतात आणि चवीत आपली भर घालतात. हार्वीजच्या जवळजवळ प्रत्येक बिअरमध्ये एक ओळखीची छटा सापडते : जराशी आंबट, जराशी मातकट, मार्मलेडच्या सालीसारखी. ती रंगाने काळ्या बिअरमध्येही असते आणि तांबूस बिअरमध्येही. माल्ट आणि हॉप्स बदलले तरी जी उरते, ती अर्थातच यीस्टची.

हे यीस्ट किती जिवावर बेतलेल्या प्रसंगांतून गेलं आहे, हे पाहायचं तर ऑक्टोबर २००० चा पूर आठवावा. ऊझ नदी लुईसमध्ये शिरली आणि नदीकाठची ब्रुअरी पाण्यात गेली. काम ठप्प झालं. पण टाक्यांत आंबत असलेली बिअर काही थांबली नाही. यीस्टने आपलं काम चालू ठेवलं. त्या बिअरपैकी काही नंतर ‘ऊझ बूझ’ नावाने विक्रीला आली. पूर ओसरल्यावर चिखल काढणं, यंत्रं धुणं हे कष्टाचं होतं, पण भरून निघणारं होतं. यीस्ट गेलं असतं तर मात्र तेच पुन्हा मिळवणं फार अवघड झालं असतं. अनेक दशकं तिथले हेड ब्रुअर राहिलेले माइल्स जेनर, आणि त्यांच्याआधी त्याच पदावर असलेले त्यांचे वडील, यांनी हे यीस्ट किती जपलं असेल याची त्यावरून कल्पना यावी.

अर्धी बिअर पबमध्ये बनते

आता दुसरी गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. ब्रुअरीतून निघते तेव्हा ही एल पूर्ण झालेली नसते.

बिअर पबमध्ये पोचते ती दोन प्रकारे. एक केगमधून, म्हणजे दाबाच्या बंद पिंपातून, आणि दुसरी कास्कमधून, म्हणजे साध्या पिंपातून. केगमधली बिअर बहुधा गाळून, कित्येकदा पाश्चराइज करून, म्हणजे यीस्ट काढून किंवा मारून भरतात. नळापर्यंत तिला गॅसच्या दाबाने ढकललं जातं. टिकाऊ, एकसारखी, सोपी. कास्कमधल्या बिअरमध्ये यीस्ट जिवंत असतं आणि पिंपातच ते शेवटची थोडी साखर खात राहतं. तयार होणारा हलका गॅस हाच तिचा फेस. कास्कची ही पद्धत मरू घातली होती तेव्हा ती वाचवण्यासाठी १९७१ मध्ये ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची संघटना उभी राहिली. सामान्य पिणाऱ्यांनी उभारलेल्या चळवळींत तिच्याइतकी यशस्वी चळवळ मला दुसरी दिसत नाही. याच संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत ससेक्स बेस्ट २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षं बेस्ट बिटर गटात पहिली आली.

पबच्या तळघरात, म्हणजे सेलरमध्ये, काय चालतं ते पाहण्यासारखं असतं. नेहमीचा कास्क म्हणजे फर्किन : ९ गॅलन, साधारण ४१ लिटर, ७२ पाइंट. तो आडवा, न हलणाऱ्या घोडीवर ठेवतात. वरच्या बाजूच्या भोकात सच्छिद्र लाकडाची एक छोटी खुंटी ठोकली की आतला जास्तीचा गॅस सुटू लागतो, आणि खुंटीभोवती फेसाचे थेंब येऊन फुटतात. सेलर सांभाळणारा माणूस ते पुसतो, थोड्या वेळाने पुन्हा पाहतो. थेंब यायचे मंदावले की तो ती खुंटी काढून घट्ट लाकडाची दुसरी लावतो, म्हणजे उरलेला गॅस आतच राहील. ही अदलाबदल लवकर केली तर पाइंट नुसता फेसाळतो, उशीर झाला तर बिअर मरगळते. दरम्यान माशाच्या हवापिशवीपासून केलेलं आयसिंग्लास यीस्टला ओढून तळाशी बसवतं आणि वरची बिअर काचेसारखी निवळते. तापमान ११ ते १३ अंश. तोटी लावून बिअर ओढायला लागल्यावर कास्कमध्ये हवा शिरते. मग साधारण तीन दिवसांत तो संपायलाच हवा, नाहीतर बिअर आंबट होते.

म्हणून कास्क एलचा पहिला पाइंट नीरस लागला तर ब्रुअरीला नावं ठेवण्याआधी तीच बिअर दुसऱ्या पबमध्ये घेऊन पाहावी. लुईसमध्ये हार्वीज इतकी छान का लागते, त्याचं एक अगदी साधं कारण हेही आहे : तिथे ती खूप खपते, कास्क भराभर संपतो, आणि सेलर सांभाळणाऱ्यांचा हात तिच्यावर बसलेला असतो.

ग्लासात

ससेक्स बेस्ट बिटर, ४ टक्के अल्कोहोल. तांब्याच्या रंगाची, वर पातळसा फेस. दक्षिण इंग्लंडमध्ये नळाला बारीक भोकांची जाळी लावून जाड साय काढायची पद्धत नाही, आणि या बिअरला ती नकोच. नाकाशी नेली की आधी बिस्किट आणि संत्र्याच्या सालीचा मार्मलेड, मागे ओली माती. पहिला घोट गोडीकडे झुकतो, टॉफीची आठवण होते न होते तोच कोरडेपणा येतो आणि गवतासारखा कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला बराच वेळ रेंगाळतो. तिची खरी कमाल तिच्या तोलात आहे. कुठलीच चव पुढे पुढे करत नाही, आणि म्हणून दुसरा पाइंट पहिल्याइतकाच ताजा वाटतो. ४ टक्क्यांत एवढं भरलेपण आणणं हे ८ टक्क्यांची जबरदस्त बिअर करण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे, असं माझं ठाम मत आहे.

डार्क माइल्ड फक्त ३ टक्क्यांची. गडद तपकिरी, हलकी भाजकी चव, कडूपणा नावापुरता. पातळ वाटेल अशी भीती असते, पण तीच यीस्टची छटा तिला सावरून धरते. ओल्ड एल ४.३ टक्क्यांची, थंडीच्या महिन्यांत येणारी. तिच्यात काकवीसारखी गडद गोडी आणि सुक्या फळांचा वास आहे. गोड बिअर मला एरवी फारशी रुचत नाही, हिला अपवाद करतो.

टॉम पेन ५.५ टक्क्यांची. तिच्यात हॉप्स वरचढ असतात, संत्र्याची साल आणि मध ठळक, शेवट चांगलाच कडू. अमेरिकी स्वातंत्र्याची बाजू मांडणारे टॉमस पेन १७६८ ते १७७४ लुईसमध्ये राहत होते आणि तिथे ते अबकारी अधिकारी होते. त्या काळी बिअरवर अबकारी कर असे, म्हणजे ब्रुअऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या खात्यातलाच हा माणूस. त्याचं नाव एका ब्रुअरीने बिअरला द्यावं, ही लुईसची दिलदारी मला फार भावते.

आणि शेवटी इंपीरियल एक्स्ट्रा डबल स्टाउट, ९ टक्के. एकोणिसाव्या शतकात ए. ल कॉक या व्यापाऱ्याच्या पेढीमार्फत लंडनहून कडक काळी स्टाउट बाल्टिक समुद्रमार्गे रशियन साम्राज्यात जात असे. पुढे त्याच नावाने आजच्या एस्टोनियातल्या टार्टू इथे ब्रुअरी चालली. हार्वीजने १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या परंपरेतली ही बिअर पुन्हा केली. सुरुवातीच्या बाटल्या बुचाच्या होत्या. त्या भरून कित्येक महिने झाल्यावर आत पुन्हा आंबणं सुरू झालं आणि बुचं वर सरकू लागली. नेहमीच्या यीस्टने सोडून दिलेली साखर एक संथ, जंगली जातीचं यीस्ट आता खाऊ लागलं होतं. दोष म्हणून ते काढून टाकता आलं असतं. हार्वीजने ते ठेवलं, आणि बाटलीत भरण्याआधी बिअरला बराच काळ मुरू द्यायला सुरुवात केली.

ग्लासात ती शाईसारखी काळी दिसते. वास चामड्याचा, मनुकांचा, जळक्या साखरेचा, आणि त्याखाली डांबराची एक कड. घोट घेतला की कडू चॉकलेट, मग अनपेक्षित आंबटपणा. तोच तिला जड होऊ देत नाही. ही बिअर सगळ्यांना आवडेल असं मी म्हणणार नाही. फ्रिजमधून काढून लगेच उघडली तर नुसता कडूपणा आणि आंबटपणा लागतो, म्हणून तासभर बाहेर ठेवावी, १३-१४ अंशांपर्यंत येऊ द्यावी, हळू ओतावी आणि तळाचा साका बाटलीतच राहू द्यावा. दोन बाटल्या असतील तर एक आता प्यावी आणि दुसरी अंधाऱ्या, गार जागी उभी ठेवून वर्षा-दोन वर्षांनी काढावी. यीस्ट आत काम करतच असतं. दुसऱ्या बाटलीत भाजकेपणा मागे गेलेला असतो, चामड्याचा आणि सुक्या फळांचा वास पुढे आलेला असतो.